आखून दिलेलं जंगल

मिसिसिपी नदी चालत ओलांडता येते. मिनेसोटा राज्यातल्या इटास्का तळ्यातून ती जिथे बाहेर पडते, तिथे तिचं पात्र जेमतेम सहा मीटर रुंद असतं. पाणी पोटरीभर आणि तळ्याच्या तोंडाशी दगडांची एक ओळ. उन्हाळ्यात या दगडांवर दिवसभर वर्दळ असते. पोरं घसरून पडतात आणि मुद्दाम पुन्हा पडतात, आज्या नातवाचा हात धरून चाचपत पाय टाकतात, कुणी तरी मधल्याच दगडावर फोटोसाठी उभं राहून मागच्या सगळ्यांचा खोळंबा करतं. हीच नदी पुढे पावणेचार हजार किलोमीटर वाहत जाऊन मेक्सिकोच्या आखाताला मिळते.

हे दगड तिथे निसर्गाने मांडलेले नाहीत. इथे मुळात दलदल होती. १९३०च्या दशकात तिचं पाणी काढून टाकलं गेलं, नदीला नवं पात्र खणून दिलं गेलं आणि तळ्याच्या मुखाशी दगड बसवले गेले. लोकांना महानदीचा उगम जसा असावा असं वाटतं, तसा तो करून घेतला. पुष्कळांना हे कळल्यावर थोडा विरस होतो. तसा तो होण्याचं कारण नाही. उन्हाळी सुट्टीत अमेरिकेतली असंख्य कुटुंबं स्टेट पार्कांमध्ये तळ्याकाठी, नदीकाठी तंबू ठोकून राहतात, त्या साऱ्या प्रकाराचं मर्म या दगडांत आहे. वरून पाहावं तर हा रानातला मुक्काम. त्याच्या खाली कायदा आहे, मजुरी आहे, नकाशे आहेत आणि काही अत्यंत रटाळ नियम आहेत. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत पवना धरणाच्या काठावर तंबूंचं जे पीक आलं आहे, त्याने यातला फक्त तंबू उचलला. बाकीचं सगळं मागे राहिलं, आणि खरी किंमत त्या बाकीच्याचीच होती.

अमेरिकेतलं जंगल म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन येतं. ती नॅशनल पार्क, केंद्र सरकारची. स्टेट पार्क हे त्यांचं कमी देखणं पण जास्त उपयोगाचं भावंड. ती राज्य सरकारांच्या मालकीची, बहुतेकांना घरापासून दोन-तीन तासांत गाठता येणारी. ५० राज्यांत मिळून अशी सुमारे दहा हजार ठिकाणं आहेत आणि तिथे वर्षाला ८० कोटींहून अधिक भेटी नोंदल्या जातात. नॅशनल पार्क सेवेच्या ताब्यातल्या सगळ्या ठिकाणांना मिळून २०२४ मध्ये सुमारे ३३ कोटी भेटी झाल्या. मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंत हा हंगाम. तंबूच्या जागेचं एका रात्रीचं भाडं राज्यानुसार साधारण २० ते ४० डॉलर. रस्त्याकडेच्या साध्यात साध्या मोटेलपेक्षाही ते कमी आहे, म्हणून तर शिक्षक, नर्स, ट्रकचालक अशी माणसं इथे दिसतात.

या जागेचं वर्णन जरा जवळून करायला हवं. फाटकावर नाव सांगितलं की एक चिठ्ठी मिळते, ती गाडीच्या काचेला लावायची. आतला रस्ता एकेरी आणि वळसा घालून पुन्हा फाटकाशी येणारा. त्याच्या दोन्ही अंगांना क्रमांक लिहिलेले बुटके खांब. आपल्या क्रमांकाशी खडीचा एक तुकडा, त्यावर गाडी. पलीकडे बाक जोडलेलं जाड लाकडी टेबल, शेकोटीसाठी जमिनीत रोवलेलं लोखंडी कडं आणि तंबूपुरती सपाट केलेली माती. पाच-सहा जागांमागे पाण्याचा एक नळ, थोड्या अंतरावर संडास, नशीब असेल तर गरम पाण्याच्या न्हाण्या. टाहो तळ्याकाठच्या शुगर पाइन पॉइंटसारख्या ठिकाणी जोडीला एक लोखंडी पेटी असते. तिची कडी माणसाच्या बोटांनी उघडते, अस्वलाच्या पंजाने उघडत नाही. खाण्याचे सगळे जिन्नस त्यात टाकायचे. टूथपेस्ट, साबण, बाळाची पावडरसुद्धा, कारण अस्वलाच्या नाकाला खाऊ आणि सुगंधी साबण यांत फारसा फरक वाटत नाही.

यातली एकही गोष्ट सहज तिथे आलेली नाही. १९२०च्या दशकात अमेरिकेत मोटारी स्वस्त झाल्या आणि लोक थेट झाडांच्या बुंध्यापर्यंत गाड्या नेऊन मुक्काम टाकू लागले. कॅलिफोर्नियातले हजार-हजार वर्षांचे रेडवूड वृक्ष त्यामुळे खंगतायत का, हे तपासण्याचं काम एमिलियो माइनेके या शास्त्रज्ञाकडे आलं. हा गृहस्थ वनस्पतींच्या रोगांचा अभ्यासक. त्याने पाहिलं ते बुरशी-किडीपेक्षा साधं होतं. चाकांनी आणि पावलांनी माती दाबली जाते, तिच्यातली हवा जाते, मुळं गुदमरतात, झाड वरून हिरवं दिसत असतानाच खालून मरायला लागतं. १९२८ मध्ये त्याने तसा अहवाल दिला.

त्यावर सरळ उपाय होता, लोकांना बंदी. माइनेकेने तो सुचवला नाही. १९३२ मध्ये त्याने तंबूतळ कसे आखावेत याचं छोटंसं टिपण लिहिलं. एकेरी वळसा-रस्ता, प्रत्येक मुक्कामाला गाडी घुसवायचा एक तिरका फाटा, हलवता येणार नाही असं टेबल, हलवता येणार नाही अशी चूल, आणि गाडी फाट्याबाहेर जाऊ नये म्हणून कडेने मोठे दगड किंवा ओंडके. माणूस चुलीभोवती आणि टेबलाभोवती फिरतो. ती दोन्ही जागच्या जागी राहिली की त्याच्या पायाखालची मातीही तेवढीच राहते, बाकीचं रान वाचतं. मधे झुडपं तशीच ठेवली की शेजाऱ्याचं तोंड दिसत नाही आणि प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असं वाटतं. आज अमेरिकेत कुठल्याही सरकारी तंबूतळावर जा, नकाशा माइनेकेचाच असतो. लाखो लोक दरवर्षी त्याच्या डोक्यातून निघालेल्या जमिनीवर झोपतात आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. चांगल्या आखणीचं हे नेहमीचं नशीब.

नकाशे झाले, मग हात लागले. ते मंदीने पुरवले. १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर उभी केली. बेकार तरुणांना महिना ३० डॉलर, त्यातले २५ घरी पाठवायचे, राहणं-खाणं सरकारचं. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण या छावण्यांतून गेले आणि त्यांच्या हातून सातशेहून अधिक स्टेट पार्कांची कामं झाली. आपल्या रोजगार हमीवरच्या पाझर तलावांची आठवण व्हावी असंच हे काम. टेक्सासमधलं फ्रिओ नदीकाठचं गार्नर स्टेट पार्क त्यातलंच, १९४१ मध्ये उघडलेलं. तिथल्या दगडी मंडपात उन्हाळ्याच्या संध्याकाळी ज्यूकबॉक्स लावून नाच होतो, १९४०च्या दशकापासून. म्हणजे या मंडळींना गाणं-बजावणं वर्ज्य नाही. त्याला एक मंडप आहे आणि एक वेळ आहे, इतकंच.

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतली मराठी मंडळी ज्या हॅरिमन स्टेट पार्कात तळ्यावर जातात, त्याची कुळकथा तर आणखी मजेशीर. हडसन नदीकाठी बेअर माउंटन इथे राज्य सरकार तुरुंग हलवणार होतं. रेल्वेसम्राट हॅरिमन यांच्या पत्नी मेरी यांनी, राज्याने तो बेत मोडावा या अटीवर, १९१० मध्ये दहा हजार एकर जमीन आणि दहा लाख डॉलर देऊ केले. मग विल्यम वेल्च या अभियंत्याने तिथे बांध घालून तळी तयार केली. त्यातल्या एकाला त्याचंच नाव आहे. आज शनिवारी सकाळी वेल्च तळ्याच्या वाळूवर स्पॅनिश, रशियन, गुजराती, मराठी सगळं एकदम कानावर येतं. त्यातल्या कित्येकांना वाटतं की हे तळं आदिकाळापासून इथेच होतं.

मराठी कुटुंबांनी हा उन्हाळी मुक्काम मनापासून आपलासा केला आहे, हे नोंदवलं पाहिजे. पहिल्या पिढीला तंबू म्हणजे एनसीसीचा कॅम्प किंवा आषाढीच्या वाटेवरची राहुटी. मुलं शाळेतून स्काउटचं वेड घेऊन आली आणि आईबापांना जावं लागलं. आता कॅलिफोर्नियाच्या बे एरियातली आठ-दहा कुटुंबं मिळून ग्रुप साइट घेतात. कोणी काय आणायचं याचा तक्ता महिनाभर आधी फिरतो. कांदे घरूनच चिरून डब्यात, मिरच्या वेगळ्या, कढीपत्ता ओल्या कागदात गुंडाळलेला. सकाळी तळ्याकडून वारा सुटला की दोन बर्नरच्या शेगडीची आंच इकडेतिकडे पळते आणि मोहरी तडतडायला दहा मिनिटं घेते. मग कोणी तरी बर्फाच्या पेटीचं झाकण आडोशाला धरतं, पोहे होतात, आणि फोडणीच्या वासाने शेजारच्या जागेवरचा गोरा म्हातारा कॉफीचा मग घेऊन चौकशीला येतो. भाकरवडी, चिवडा, चकल्या रात्री अस्वलाच्या पेटीत बंद. इतकं फरसाण एकाच जागी असलेली लोखंडी पेटी जगात दुसरीकडे कुठे नसेल.

अडचण होते ती रात्री. अंताक्षरी ऐन रंगात आलेली असते, ‘म’वर अडलेलं असतं, आणि दहा वाजतात. दहा ते सहा शांतता, असा बऱ्याच स्टेट पार्कांचा नियम आहे. दहा वाजून गेल्यावर बॅटरी घेऊन येतो तो पोलीस नसतो, कॅम्प होस्ट असतो. बहुतेक वेळा निवृत्त जोडपं. उन्हाळाभर आपल्या गाडीतच राहतं, जागेचं भाडं माफ, त्या बदल्यात सरपण विकायचं, संडास पाहायचे आणि आवाज करणाऱ्यांना गप्प करायचं. तो दरडावत नाही. “पलीकडच्या जागेवर तान्हं बाळ आहे,” असं काहीसं म्हणतो आणि जातो. टोळी खजील होऊन आवाज खाली आणते. पुढच्या वर्षी तेच लोक नव्या कुटुंबांना आधीच सांगून ठेवतात, नऊ वाजताच अंताक्षरी सुरू करा. सक्तीचं शिष्टाचारात रूपांतर व्हायला एवढाच वेळ लागतो, फक्त पहिल्या रात्री कोणी तरी बॅटरी घेऊन यावं लागतं.

नियमांत असे काही नियम आहेत की नवख्याला ते छळ वाटतात. घरून सरपण आणायचं नाही, जिथे जाळायचं तिथलंच घ्यायचं. कारण, २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ एक हिरवा चमकता भुंगेरा सापडला, एमराल्ड अ‍ॅश बोरर. त्याच्या अळ्या अ‍ॅश झाडाच्या सालीखाली पोखरतात. त्याने कोट्यवधी झाडं मारली आणि लांबचा प्रवास पुष्कळदा त्याने सुट्टीला निघालेल्या माणसांच्या डिकीतल्या लाकडांतून केला. होडीचंही तसंच. १९८८ मध्ये ग्रेट लेक्सच्या पट्ट्यात झेब्रा शिंपले आढळले, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आलेले. म्हणून मिनेसोटात आता तळ्यातून होडी काढली की तळाचं बूच उघडून सगळं पाणी सांडल्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही, तसा कायदाच आहे. एका माणसाची आळस केलेली पाच मिनिटं पुढच्या तळ्याला कायमची भोवतात.

तळ्याकाठची ही लोकशाही सगळ्यांसाठी होती, असं मात्र कुणी समजू नये. व्हर्जिनियात १९४८ मध्ये मेसिओ मार्टिन या कृष्णवर्णीय बँकरला स्टाँटन रिव्हर स्टेट पार्कात प्रवेश नाकारला गेला. तो कोर्टात गेला. राज्याने त्यावर काय करावं? प्रिन्स एडवर्ड तळ्याकाठी ‘निग्रोंसाठी’ असं नावातच लिहिलेलं वेगळं स्टेट पार्क १९५० मध्ये उघडलं. पुढे त्याच राज्यातल्या सीशोअर स्टेट पार्काच्या खटल्यात निकाल विरोधात गेला, तेव्हा १९५५ मध्ये सरकारने पार्क सर्वांना खुलं करण्याऐवजी सर्वांनाच बंद केलं, काही वर्षं. पाण्यापाशी कोण बसणार, या प्रश्नावर माणसं किती खालच्या थराला जातात हे २० मार्च १९२७च्या महाडनंतर मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. प्रिन्स एडवर्ड तळं आणि त्याच्या शेजारचं तळं पुढे एकाच उद्यानात जोडली गेली. आज त्याचं नाव ट्विन लेक्स स्टेट पार्क.

आजचा भेद पैशाचा आणि इंटरनेटच्या वेगाचा आहे. कॅलिफोर्नियात जागांचं आरक्षण सहा महिने आधी सकाळी आठला उघडतं आणि टाहोकाठच्या जुलैतल्या जागा पाहता पाहता संपतात. ज्यांची नोकरी सकाळी सातला सुरू होते, ज्यांना सहा महिन्यांनंतरची रजा आज ठरवता येत नाही, ते बाहेर. त्यात आरक्षण करून न येणारे महाभागही खूप. रिकाम्या राहणाऱ्या जागांवरून ओरड झाली तेव्हा २०२३ मध्ये राज्याला त्यासाठी कायदा करावा लागला. याच राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तकासारखा घरी नेता येणारा पार्क-पास सुरू केला, हेही त्याच नाण्याचं बरं अंग. मिनेसोटा आणि टेक्सासमध्ये ज्यांनी कधी तंबू पाहिला नाही अशा कुटुंबांना सामान देऊन शिकवणारे सरकारी कार्यक्रम चालतात. चांगलं सार्वजनिक काम आपोआप सार्वजनिक राहत नाही, त्यासाठी पुन्हा पुन्हा खटपट करावी लागते.

आणि जमीन स्वतःची नसेल तर सगळंच हवेत. टेक्सासमधलं फेअरफील्ड लेक स्टेट पार्क दशकानुदशकं लोकांचं होतं, पण जमीन होती वीज कंपनीची, राज्याला वापरायला दिलेली. तळंही कोळशाच्या वीजकेंद्राला थंड ठेवण्यासाठी बांधलेलं. २०१८ मध्ये केंद्र बंद पडलं, कंपनीने जमीन विकायला काढली आणि २०२३ मध्ये ती एका बांधकाम व्यावसायिकाने श्रीमंतांच्या वसाहतीसाठी घेतली. राज्याने भूसंपादनाचा प्रयत्न केला, पण किंमत ४१.८ कोटी डॉलर ठरवली गेली, तेव्हा माघार घेतली. टेक्सास स्टेट पार्कांचं ते शताब्दी वर्ष होतं. त्याच नोव्हेंबरात मतदारांनी नवी उद्यानं विकत घेण्यासाठी शंभर कोटी डॉलरच्या निधीला मोठ्या बहुमताने मंजुरी दिली. सरकारी खर्चाच्या नावाने नाक मुरडणारं राज्य म्हणून टेक्सासची ख्याती आहे. तळं हातचं गेल्यावर तिथल्या मतदारांनी काय केलं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नदीकाठ सुंदर असतो तसा तो दगाबाजही असतो. ११ जून २०१० च्या पहाटेआधी आर्कान्सामध्ये लिटल मिसुरी नदी चढली आणि अल्बर्ट पाइक या सरकारी तंबूतळावर झोपलेल्या २० जणांचा जीव गेला. तिथे पुढे रात्रीच्या मुक्कामाला बंदी आली. ४ जुलै २०२५ रोजी टेक्सासमध्ये ग्वाडालूप नदी रात्रीत पाऊण तासात २६ फूट चढली. काठावरची मुलामुलींची उन्हाळी शिबिरं आणि गाड्यांचे तळ तिच्या वाटेत होते. राज्यभर या पुरांत १३० हून अधिक माणसं गेली, त्यात एका जुन्या शिबिरातल्या २७ मुली आणि त्यांच्या ताया. ही शिबिरं खासगी होती, आर्कान्सामधला तळ सरकारी होता. मालक कोण हे पुराला कळत नाही. धोक्याची रेषा कुठे आहे आणि तिच्या आत कुणाचं अंथरूण आहे, हे कुणाला तरी ठाऊक असावं लागतं आणि रात्री दोन वाजता त्या माणसाने जागं असावं लागतं. त्या सप्टेंबरात टेक्सासने शिबिरांच्या खोल्या पूरक्षेत्रात नकोत असा कायदा केला.

आता मावळात यावं.

तिकोना, तुंग, लोहगड, विसापूर या चार किल्ल्यांच्या मधलं पवना धरणाचं पाणी, हे महाराष्ट्रातल्या तंबू-पर्यटनाचं आजचं सर्वात गजबजलेलं ठिकाण. शनिवारी दुपारपासून पुण्या-मुंबईच्या गाड्या कामशेतकडून वळायला लागतात. माणशी हजार-दीड हजारांत तंबू, चहा-भजी, पनीर-चिकन भाजायला शेगडी, रात्रीचं जेवण, पडद्यावर सिनेमा आणि ‘लाइव्ह म्युझिक’. तंबू एकमेकांना खेटून, दोऱ्या एकमेकांत अडकलेल्या. एका मालकाच्या ध्वनिक्षेपकातून मराठी लावणी आणि पन्नास फुटांवर दुसऱ्याच्या ध्वनिक्षेपकातून पंजाबी. चार किल्ल्यांच्या कुशीत झोपायला आलेला माणूस कुठल्याच आवाजापासून लांब नसतो. सकाळी काठावर कागदी प्लेटा आणि काचा. हेच पाणी पवना नदीतून खाली रावेतच्या बंधाऱ्यात जातं आणि तिथून पिंपरी-चिंचवडच्या नळांना. तंबूतला पाहुणा बहुधा त्याच नळाचं पाणी पिऊन आलेला असतो.

यात तंबूवाल्या पोरांना झोडपणं सोपं आहे, आणि चुकीचं. यातली बरीच पोरं धरणग्रस्तांच्या घरातली. आजोबांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, पुनर्वसनाचा घोळ अनेकांच्या बाबतीत अजून सुटलेला नाही. ९ ऑगस्ट २०११ रोजी याच पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात द्रुतगती मार्गावर पोलीस गोळीबारात तिघे गेले. अशा धरणग्रस्तांच्या मुला-नातवांनी पाण्याच्या काठी चार तंबू टाकून शनिवार-रविवारचे पैसे कमावले, तर त्यांना नैतिकतेचे धडे द्यायला शहरातल्या कुणालाही तोंड नाही. वावडं तंबूचं नसावं, बेबंदपणाचं असावं. आजच्या बेबंदपणात सगळ्यात आधी बुडतो तो चार तंबूंचा स्थानिक मालक. शहरातून भांडवल घेऊन येणारा चारशे तंबूंचा मालक त्याला भाव पाडून सहज खातो.

नियम नाहीत म्हणावं, तर तेही खरं नाही. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१चं आहे, कृषी पर्यटनाचं २०२०चं, कॅरॅव्हॅन पर्यटनाचंही आलं. आवाजाचं तर विचारायलाच नको. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी, हा भारताचा २००० सालापासूनचा नियम आहे. कॅलिफोर्नियातल्या तंबूतळावर अंताक्षरी थांबते तीच ही वेळ, घड्याळाच्या काट्याला धरून. तिथे तिच्यामागे एक म्हातारा बॅटरी घेऊन उभा आहे. इथे तिच्यामागे कोसभर लांबच्या चौकीतला एक हवालदार आहे, आणि त्याला त्या रात्री पन्नास कामं आहेत.

म्हणून पवनेला, भंडारदऱ्याला, मुळशीला आणखी एखादं पर्यटन धोरण नको आहे. तिथे एक माइनेके हवा आहे आणि एक कॅम्प होस्ट. पूर्ण भरलेल्या धरणाची पाणीरेषा जलसंपदा विभागाला ठाऊक असते. तिच्यापासून ठरावीक अंतर सोडून तंबूंचे चौथरे आखावेत, त्यांना क्रमांक द्यावेत, दोन चौथऱ्यांमध्ये करवंदीचं, कारवीचं झुडूप राहील इतकी जागा ठेवावी. चूल सिमेंटची आणि जागची न हलणारी. संडास आधी, तंबू नंतर. पोहण्याची जागा दोरी बांधून ठरवावी आणि तिथे उन्हाळ्यात पोहता येणारा, शिट्टी गळ्यात असलेला माणूस पगारावर असावा. दरवर्षी बुडणाऱ्या तरुणांच्या बातम्यांखाली ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’ हे वाक्य छापून छापून वृत्तपत्रंही कंटाळली आहेत. जागा धरणग्रस्त कुटुंबांना आधी मिळावी, एका घराला मोजकीच. भाड्यातला वाटा ग्रामपंचायतीला. दहानंतर फिरणारा माणूस त्याच गावातला असावा आणि त्याला परवाना रद्द करण्याचा नसला, तरी निलंबनाची शिफारस करण्याचा अधिकार असावा. त्याचं ऐकलं जाईल, कारण दुसऱ्या दिवशी दुधाच्या डेअरीवर तोच भेटणार आहे.

याने तंबूंची संख्या घटेल, दर वाढेल, अशी तक्रार येईल, आणि ती खोटी नाही. कॅलिफोर्नियातल्या सकाळी आठच्या शर्यतीने दाखवलंय की जागा मोजल्या की रांग लागते. पण त्यावरचे उपाय तिथेच सापडतात. काही जागा सोडतीने द्याव्यात, काही आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी, काही शाळांच्या सहलींसाठी राखून ठेवाव्यात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांनी सिंहगडाच्या पायथ्याशी एक रात्र तंबूत काढावी, याला टेक्सासएवढा निधी लागत नाही.

सुरुवात मोजणीपासून करता येईल. पवनेच्या काठावर आज किती तंबू आहेत, कुणाच्या जमिनीवर, त्यातले किती संपादित जागेत आणि किती पाणीरेषेच्या आत, याचा साधा तक्ता तलाठी, जलसंपदाचा शाखा अभियंता आणि गावातली दोन पोरं मिळून करू शकतात. जूनपासूनचे चार महिने त्या कामाला बरे. पाणी आपली रेषा स्वतःच दाखवतं आणि काठावरची गर्दीही तेव्हा ओसरलेली असते.